सीडी वाढवली का?

आमच्या दुकानात तीन कॉम्प्युटर आहेत आणि तिघांचं एकमेकांशी पटत नाही.

एक विंडोजचा. रोजचं सगळं काम त्याच्यावर चालतं. दुसरा त्याच्याहून जुना, एका शाळेने काढून टाकलेला. त्याच्यावर लिनक्स आहे आणि त्याचा पंखा रिक्षासारखा वाजतो. तिसरा खरं तर आमचा नाहीच. तो वरच्या मजल्यावरच्या प्रिंटिंग प्रेसमध्ये असतो, मॅक आहे. पण त्याचं मत घेतल्याशिवाय आमचं महत्त्वाचं काम पुढे जात नाही. घराण्यातल्या एखाद्या मानी आत्याबाईंसारखं त्याचं आहे. राहतात दुसरीकडे, पण विचारल्याशिवाय लग्न ठरत नाही.

मी या तिघांनाही वाचता येईल अशी सीडी लिहिते. हे माझं काम. दुकान सोलापुरात, सात रस्त्याजवळच्या एका गल्लीत आहे. झेरॉक्स, टायपिंग, फोटो, लॅमिनेशन हे सगळं तिथे होतंच, पण काऊंटरच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून बसलेली जी मुलगी दिसते ती मी. ही जागा मी मागून घेतली आहे.

कॉलेज संपल्यावर मला एकच नोकरी हवी होती, जिथे कमी बोलावं लागेल. पुण्याच्या कंपन्यांच्या मुलाखतीत मला इंग्रजी येत होतं, उत्तरंही येत होती, फक्त आवाज येत नव्हता. मग वडिलांच्या ओळखीने मी मनोहरकाकांकडे आले. दुकान त्यांचं. नात्याने ते माझे कोणी नाहीत, पण सगळी गल्ली त्यांना काका म्हणते.

"फार बोलत न्हाईस का गं तू?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग चालंल. बोलायला मी हाय की."

माझी मुलाखत एवढीच.

लोक विचारतात, अजून सीडी कोण घेतं? मोबाइलवर पाठवा की. मी हसते. उत्तर मोठं आहे आणि मला मोठी उत्तरं देता येत नाहीत, म्हणून इथे लिहिते. वकील घेतात, कारण एकदा लिहून पक्की केलेली सीडी नंतर कोणाला बदलता येत नाही. पीएच.डी.चे विद्यार्थी घेतात, प्रबंधाच्या मागच्या पुठ्ठ्यात खिसा करून. लग्नाचे फोटोग्राफर घेतात, कारण मुलीच्या आजोबांना हातात काहीतरी लागतं. आणि कारखान्यातली जुनी मशीनं घेतात. त्यांना पेन ड्राइव्ह लावायला जागाच नसते, किंवा असली तरी व्हायरसच्या भीतीने मॅनेजरने तिच्यावर चिकटपट्टी मारलेली असते. सीडीतून असा चोर शिरत नाही. ती एकदाच लिहायची, मग फक्त वाचायची.

अडचण वाचणाऱ्यांची. सीडी म्हणजे एक पुस्तक धरलं, तर प्रत्येक कॉम्प्युटर आधी त्याची अनुक्रमणिका शोधतो. विंडोजला अनुक्रमणिका एका पद्धतीची लागते, लिनक्सला दुसऱ्या, मॅकला तिसऱ्या. आपल्या पद्धतीची सापडली नाही तर कोणी नावं अर्धी तोडून दाखवतो, कोणी मराठी नावाच्या जागी नुसत्या चौकोनांची रांग मांडतो, आणि कोणी सीडी कोरी आहे म्हणून तोंडावर फेकतो. आमची युक्ती अशी की पुस्तक एकच ठेवायचं आणि त्याला अनुक्रमणिका तीन जोडायच्या. ज्याने त्याने आपापली वाचावी. त्यातही एखादं फार जुनं मशीन असेल तर त्याला फाइलच्या नावात आठच अक्षरं चालतात, तीही इंग्रजी आणि कॅपिटल. मग सगळ्यांसाठी तोच नियम पाळायचा. काका म्हणतात, "पंगतीत दात नसलेला एक म्हातारा बसलाय असं धरून स्वयंपाक करायचा. मग कुणीच उपाशी उठत न्हाई."

हे मला पुस्तकातून माहीत होतं. मला माहीत नव्हती ती काकांची भाषा.

पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "काका, सीडी बर्न करू?" ते म्हणाले, "बर्न म्हणजे?" मी मराठीत सांगितलं, जाळणे. काकांनी उदबत्तीचा हात थांबवला. "सकाळच्या पारी दुकानात जाळायची भाषा नको. लिही म्हण." तेव्हापासून मी सीडी लिहिते.

त्याच आठवड्यात अस्लमभाई आले. हे लग्नाचे फोटोग्राफर, गल्लीतले आमचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. आदल्या दिवशी त्यांनी काढलेले एका लग्नाच्या हळदीचे फोटो सीडीवर लिहिलेले होते, आज लग्नाचे त्याच सीडीवर घालायचे होते. काका बाहेर निघता निघता म्हणाले, "लग्नाचे घाल आणि सीडी वाढव."

मी लग्नाचे घातले आणि सीडी वाढवली. म्हणजे माझ्या समजुतीप्रमाणे, पुढे आणखी वाढवता यावी म्हणून ती उघडी ठेवली. उद्या रिसेप्शनचे फोटो येतील, असं मनाशी जुळवलंही.

अस्लमभाई दुसऱ्या दिवशी धापा टाकत आले. "अरे बेटा, ये क्या किया? नवरीच्या मामाकडं सीडी लावली, तर हल्दीच दिसतीया, शादीच गायब! सगळे मेरेकू पूछ रहे, फोटो निकाले थे क्या नहीं? मामा बोलतो, लगीन मोडलं का काय?"

काकांनी सीडी तपासली. "उघडीच हाय ही. वाढवली का न्हाईस?"

"वाढवली ना काका. म्हणून तर उघडी ठेवली."

काका एवढे हसले की चष्मा काढून पुसावा लागला. अस्लमभाईंना कळेना काय झालं, पण तेही हसायला लागले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सीडीवर शेवटची फाइल लिहून झाली की ती पक्की करावी लागते. इंग्रजीत फायनलाइज. ती पक्की होत नाही तोवर ज्या कॉम्प्युटरवर लिहिली तोच तिला ओळखतो. बाकीच्यांना नवीन लिहिलेलं दिसतच नाही. पक्की केली की ती सगळ्यांची होते, पण मग तिच्यात अक्षरही घालता येत नाही. सरळ मराठीत याला सीडी बंद करणे म्हणता येईल. पण काका 'बंद' म्हणत नाहीत. त्यांच्या तोंडी दुकान बंद होत नाही, वाढतं. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. त्यातलं नारळाचं मला माहीत होतं, घरी आई म्हणते. पण जो शब्द नारळाला लागतो तो सीडीलाही लागेल हे माझ्या शाळेत कोणी शिकवलं नव्हतं.

त्यानंतर काकांनी एक पद्धत पाडली. सीडी पक्की झाली की तिच्या वरच्या, नाव घालायच्या बाजूला मार्करने छोटा 'वा' काढायचा. वा म्हणजे वाढवली. त्याचा दुसराच परिणाम झाला. एक वकील साहेब सीडी हातात घेऊन म्हणाले, "अहो काका, आपल्याच कामाला आपणच वा म्हणता व्हय?"

"दुसरं कोण म्हणतंय साहेब?" काका म्हणाले.

आता नरसय्यामामांबद्दल.

मामा चादरींची डिझाइनं काढतात. पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत राहतात. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि रागावले की दोन्ही. जन्मभर त्यांनी चौकटीच्या कागदावर डिझाइन काढलं. एक चौकोन भरला की मागावर एक धागा वर, रिकामा ठेवला की खाली. असे हजारो चौकोन भरले की त्यातून मोर होतो, कमळ होतं. म्हातारपणी ते हेच काम कॉम्प्युटरवर करायला शिकले. कोणाच्या सांगण्यावरून नाही, डोळ्यांच्या तक्रारीवरून. "कागदावरचा चौकोन मोठा होत न्हाई. ह्यातला होतो," एवढंच त्यांचं कारण.

त्या दिवशी ते दुकानात आले ते खुर्चीवर बसलेच नाहीत. काऊंटरला धरून उभे राहिले.

"मनोहर, काम हाय. पण नीट झालं पायजे."

ते ज्या कारखान्याला डिझाइनं देतात तिथे दुसऱ्या गावाहून एक जुना इलेक्ट्रॉनिक जकार्ड, म्हणजे नक्षी विणणारा माग घेतला होता. आता डिझाइन पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवरून नाही, थेट कॉम्प्युटरवरून मागाला जाणार होतं. मालकांच्या सूनबाई, नेहावहिनी, कामकाज बघायला लागल्या होत्या. त्यांनी मामांना स्वच्छ सांगितलं होतं: तुमची डिझाइनं नव्या मागावर चालली तर तुमच्याकडूनच घेऊ. नाही चालली, तर बाहेरून तयार मागवावी लागतील. मामांनी दोनदा आपल्या पोराकडून सीडी करून नेली होती. पहिली मागाने घेतली नाही. दुसरी घेतली, पण नावांच्या जागी चौकोन दिसत होते आणि मोराऐवजी कमळ विणायला सुरुवात झाली होती.

"वहिनी चांगल्या हायत," मामा म्हणाले. "वरडल्या न्हाईत. वरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणल्या, मामा, अजून एकदा बघू. आता ह्या एकदाच्या पुढं काय न्हाई बघ."

काकांनी माझ्याकडे हात केला. "ही करंल. हिचं इंग्लिश मीडियम हाय."

सीडी तीन ठिकाणी उघडायला हवी होती. वहिनींच्या मॅकवर, कारण पसंती तिथे होणार. ऑफिसच्या विंडोजवर, कारण नोंद तिथे होणार. आणि मागाच्या कॉम्प्युटरवर, तो लिनक्सच्या कुळातला आणि आठ अक्षरांवर अडून बसणारा. म्हणजे पंगतीतला तो दात नसलेला म्हातारा प्रत्यक्षात आला होता.

मी मामांचा पेन ड्राइव्ह उघडला. फाइलींची नावं बघून मला पहिल्यांदा हसू आलं आणि मी ते दाबलं. 'मोर पदर नवीन.' 'मोर पदर नवीन यातला शेवटचा.' 'मालकाला आवडलेला हत्ती.' 'मला आवडलेला हत्ती.' मामा बोलतात तशीच फाइलींना नावं देतात.

"मामा, ही नावं चालणार नाहीत. आठच अक्षरं मिळतील. इंग्रजीत."

"आट? आटात माणसाचं नाव बसत न्हाई, हत्ती कसा बसंल?"

मग आम्ही दोघं बसलो. मी भिंतीकडे तोंड करून, मामा माझ्या बाजूला स्टुलावर. एकेक डिझाइन उघडायचं, त्याचं नाव ठरवायचं. दोन हत्तींचं HATTI_M आणि HATTI_N झालं. एम मालकाचा, एन नरसय्याचा.

"दोन्हीत फरक काय आहे?" मी विचारलं. कामापुरतं नव्हतं ते, मला खरंच दिसत नव्हता.

"मालकाचा हत्ती सोंड वर करून हाय, सलाम ठोकतोय. माझा खाली करून हाय. गवत खातोय. बिचारा दिवसभर काम करून आलाय, खाऊ दे की."

मोरांची नावं झाली, कमळाची झाली. मग एक डिझाइन आलं, बारीक वेलीचं, कडेने एका पानाआड एक कळी. नाव होतं 'भाग्यलक्ष्मी'.

मी अक्षरं मोजली. "मामा, याचं BHAGYALA एवढंच बसतंय. पुढचं कापलं जाईल. दुसरं काही देऊ का?"

मामा स्क्रीनजवळ वाकले. "वाच बरं काय झालंय ते."

"भाग्यला."

ते गालात हसले. "ऱ्हाऊ दे. घरात मी तशीच हाक मारतो."

माझ्या लक्षात आलं की हे मामींचं नाव आहे. मी ती फाइल यादीत सगळ्यात वर येईल अशी ठेवली.

लिहायच्या आधी मामांनी विचारलं, "नंतर ह्याच्यात अजून घालता येईल न्हवं? एक हत्तीचं पिल्लू डोक्यात हाय."

"नाही मामा. ही वाढवावी लागेल. नाहीतर माग वाचणार नाही."

त्यांना 'वाढवणे' समजावून सांगावं लागलं नाही. "हां," ते म्हणाले. "मागावरनं चादर उतरवायची तर धागा कापावाच लागतो."

सीडी झाली. विंडोजवर उघडली. लिनक्सच्या रिक्षाने पंखा वाजवत वाचली. मग मी जिना चढून वर प्रेसमध्ये गेले. तिथल्या ताईंना काही मागायचं म्हणजे मी पायऱ्या चढताना वाक्य पाठ करते. त्या दिवशी पाठ न करताच बोलले. मॅकनेही सगळे हत्ती, मोर बिनतक्रार दाखवले. खाली येऊन मी सीडीवर 'वा' काढला.

मामा संध्याकाळी ती घरी घेऊन गेले. "घरात दाखवतो आणि सकाळी घेऊन येतो," म्हणाले.

सकाळी काकांनी मला सांगितलं, "तू जा मामासंगं."

"मी?"

"मशीनशी बोलायचंय. माणसांशी बोलायला मामा हायत."

आम्ही रिक्षाने अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गेलो. मामा धुतलेला शर्ट घालून आले होते, कपाळावर ताजं कुंकू. सीडीचा डबा त्यांनी दोन्ही हातांत धरला होता, खड्डा आला की छातीशी लावायचे.

कारखान्यात एवढा आवाज होता की माझ्यासारखीला तिथे फार सुखाचं वाटलं. कोणी बोलायची अपेक्षाच करत नव्हतं. पण मागाच्या शेजारी काचेची एक खोली होती, तिथे आवाज कमी होता आणि माणसं होती. नेहावहिनी, माझ्याहून थोड्याच मोठ्या, केस वर बांधलेल्या. आणि मॅनेजर.

"ये, बस," वहिनी मला म्हणाल्या. "मामा, पाणी घेतलं का?"

त्यांनी मॅकला जोडलेल्या ड्राइव्हमध्ये सीडी घातली. ती फिरली, थांबली, परत फिरली आणि बाहेर आली.

"असू दे," वहिनी म्हणाल्या. ऑफिसच्या विंडोजमध्ये घातली. त्याने बराच वेळ विचार केला आणि सीडी कोरी असल्याचं सांगितलं. मॅनेजरने ती मागाच्या कॉम्प्युटरमध्ये घालून बघितली. तिथेही काही नाही.

"म्हणलं हुतं मी," मॅनेजर म्हणाला. "सीडीचं काय खरं न्हाई वहिनी. सुरतेचा माणूस कवाचा फोन करतोय, तयार डिझाइनं देतो म्हणून."

मामांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात तक्रार नव्हती, म्हणून जास्त अवघड गेलं. परीक्षेला बसलेल्या आपल्या मुलाकडे बाप खिडकीतून बघतो तसं ते आळीपाळीने त्या सीडीकडे आणि माझ्याकडे बघत होते.

वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "मामा, आपण प्रयत्न केला. आता मलाही वर उत्तर द्यायचंय."

माझं डोकं एका जागी अडलं होतं. तीन कॉम्प्युटर, तीन स्वभाव. माझ्या सगळ्या अनुभवात या तिघांचं कधी कशावर एकमत झालेलं नव्हतं. नावांचं काही चुकलं असतं तर एकाने तरी वाचली असती. उघडी राहिली असती तर काल वर मॅकने नाकारली असती. आज तिघेही एकच गोष्ट सांगत होते. म्हणजे भांडण त्यांचं नव्हतंच.

"जरा बघू?" मी म्हटलं. बहुतेक कोणाला ऐकू गेलं नाही. मी हात पुढे केला.

सीडीची चकाकती बाजू मी उजेडात तिरकी धरली. मधल्या भोकाभोवतीची पारदर्शक कडी संपते तिथेच एक लालसर ठिपका होता, बोटाच्या टोकाएवढा. त्याच्याशेजारी एक पिवळा. पाण्यात कालवून लावलेला, कडेने वाळलेला.

हळद आणि कुंकू.

मी मामांच्या कपाळाकडे बघितलं. तोच रंग. मग मला सगळं कळलं. घरात नवीन काही आलं की त्याला हळद-कुंकू लावायचं, मागाला लावायचं, सायकलीला लावायचं. सीडीलाही लावलं होतं. वरच्या बाजूला अक्षरं होती, 'वा' होता, तो पुसला जाऊ नये म्हणून दुसऱ्या बाजूला. आणि कुठे लावायचं, तर मधोमध, जिथे कोणत्याही वस्तूचं कपाळ असतं.

आता सीडीची गोष्ट अशी की ती आतून बाहेर लिहिली जाते. भोकाच्या जवळ सुरुवात, तिथेच सगळ्या अनुक्रमणिका. काठाला ओरखडा पडला तर एखादी फाइल जाईल. मधे काही लागलं तर पुस्तकाला पहिलं पानच राहत नाही.

"काय झालं?" वहिनींनी विचारलं.

मामा वाट बघत होते. त्यांना अजिबात कल्पना नव्हती. मॅनेजर दाराला टेकून उभा होता, आणि हे ऐकून तो काय म्हणेल, कोणाकोणाला सांगेल, पुढची कित्येक वर्षं कारखान्यात मामांना काय म्हणून हाक मारली जाईल, ते मला त्या क्षणी ऐकूच आलं.

"धूळ बसलीय," मी म्हटलं.

"एवढ्याशा धुळीने?"

"मधे बसली की होतं तसं. मधेच सगळी नावं असतात. बाहेर बेसिन आहे का?"

माझ्या मानाने ते भाषणच होतं. मी सीडी पोटाशी धरून बाहेर गेले. चष्म्याचं फडकं ओलं केलं आणि मधून काठाकडे, सरळ रेषेत पुसलं. गोल पुसायचं नसतं, ओरखडा गोल पडला तर तो सलग बरंच लिहिलेलं घेऊन जातो. फडकं लाल-पिवळं झालं. ते मी घडी घालून पर्समध्ये ठेवलं. हे करताना मला उगीचच वाईट वाटत होतं, कोणाचं तरी कपाळ पुसल्यासारखं.

परत आत आले. वहिनींनी सीडी मॅकमध्ये घातली.

ती फिरली. फिरत राहिली. आणि पडद्यावर यादी आली, सगळ्यात वर BHAGYALA.

"ही कोण?" वहिनींनी विचारलं आणि डिझाइन उघडलं. वेल, पान, पानाआडची कळी. कळी त्यांनी मोठी करून बघितली. "मामा, हे तुम्ही आधी का नाही दाखवलंत?"

"नाव बसत नव्हतं," मामा म्हणाले.

विंडोजने वाचली. मागाने वाचली. मॅनेजरने कुठलं चढवू विचारलं आणि मामांनी माझ्याकडे बघत सांगितलं, "एन."

माग सुरू झाला. कापडावर आधी नुसत्या चार काळ्या रेघा दिसत होत्या. मग त्या रेघांचे पाय झाले. पायांमध्ये गवत उगवलं. मग त्या गवताकडे वरून एक सोंड उतरत असल्याचं दिसायला लागलं. खरं तर सोंडेचं टोक आधी विणलं गेलं होतं आणि हत्ती नंतर येत होता. मामा कापडावर वाकून तेलुगूत पुटपुटत होते, "बागुंदी, बागुंदी." छान आहे, छान आहे. ते हत्तीला म्हणत होते की मागाला, कळलं नाही.

वहिनी माझ्या कानाशी येऊन मोठ्याने म्हणाल्या, "डिझाइनं मामांचीच. सुरतेच्या माणसाला मी नाही म्हणून कळवते."

दुकानात परतल्यावर काकांनी विचारलं, "काय अडचण आली?"

"धूळ."

"हं. सोलापुरात धूळ लई," काका म्हणाले आणि झेरॉक्सकडे वळले.

हे काम फार दिवस राहणार नाही हे मला कळतं. कोऱ्या सीडी आता चांगल्या मिळत नाहीत. ड्राइव्ह बिघडला की नवा शोधत फिरावं लागतं. काका कधीकधी म्हणतात, "एक दिवस हे पण वाढवावं लागंल." ते दुकानाबद्दल बोलतात की सीडीच्या कामाबद्दल, मी विचारत नाही. पहिल्या आठवड्यात मला त्या शब्दाचा एकच अर्थ माहीत होता, तोही चुकीचा. आता दोन्ही माहीत आहेत आणि काका बोलले की मी आपल्या सोयीचा ऐकते.

मध्ये एकदा मामा पुन्हा आले. हत्तीचं पिल्लू झालं होतं. मी त्याचं PILLU केलं, आठात आरामात बसलं. सीडी लिहिली, वाढवली, तिन्ही ठिकाणी तपासली, 'वा' काढला आणि डब्यात घालून त्यांच्यापुढे ठेवली.

मामांनी डबा उचलला नाही. शर्टाच्या खिशातून त्यांनी एक छोटी पितळी डबी काढली आणि काऊंटरवर ठेवली. झाकण उघडलं. आत कुंकू.

"भाग्यलानं दिलीय," ते म्हणाले. काका झेरॉक्सपाशी होते. तरीही मामांनी आवाज खाली आणला. "पोरी, धूळ कुठल्या बाजूनं लावायची तेवढं दाखव."

मी सीडी काढली, अक्षरांची बाजू वर केली, आणि 'वा'च्या शेजारी बोट ठेवलं.